कपिला तिसऱ्या वेताला बसली होती, तेव्हापासून

आमचा गोठा नागपूरला, काटोल रोडवर फेटरीच्या पुढे. मागच्या वेताला कपिला रात्री व्याली आणि पहाटे उठेचना. मान पोटाकडे वळवलेली, कानाला हात लावला तर गारेगार. डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियमची बाटली अगदी हळूहळू सोडली. थोड्या वेळाने तिनं शेण टाकलं, मग धडपडत उभी झाली. मला रडूच आलं.

चूक माझी होती. गाभण गाईला ताकद यावी म्हणून मी रोज भरपूर लसूणघास घालत होतो, त्यात कॅल्शियम जास्त असतं, वरून कॅल्शियमचं औषधही पाजत होतो. डॉक्टर म्हणाले, "भाऊ, बाहेरून आयतं मिळत राहिलं की शरीराची हाडातून कॅल्शियम काढायची सवय मोडते. व्याल्यावर चिकात ते एकदम जातं, अन् गाय बसते."

यंदा तिला व्यायच्या 60 दिवस आधी आटवलं, म्हणजे दूध काढणं बंद केलं. शेवटचे तीन आठवडे लसूणघास आणि कॅल्शियम दोन्ही बंद. ज्वारीचा कडबा अन् थोडं तुरीचं कुटार. सरकी ढेप आणि चुनीचा खुराक मात्र मूठमूठ वाढवत नेला, एकदम नाही. व्याल्याबरोबर कोमट गूळपाणी आणि डॉक्टरांनी दिलेलं कॅल्शियम जेल. पहिले दोन दिवस तिला पूर्ण पिळली नाही. वासराला तासाभरात अडीच लिटर चीक पाजला. ते 25 किलोचं होतं, म्हणून तेवढा.

सकाळी पाहिलं तर वार (गर्भाची पिशवी) पडलेली, आणि कपिला उभ्यानं कडबा खात होती. कान गरम होते.