मॉडेल गाड्यांच्या वाढत्या संग्रहाची वार्षिक मोजदाद कशी करावी

संग्रहात तीस-चाळीस गाड्या असतात तोवर यादीची गरज भासत नाही. कोणती गाडी कोणत्या फळीवर आहे, तिच्या शेजारी कोणती उभी आहे आणि ती केव्हा आली, हे सारे संग्राहकाच्या डोळ्यांसमोर असते. गाड्या शंभराच्या पुढे गेल्या, काही कपाटातून खोक्यांत आणि खोक्यांतून माळ्यावर गेल्या, की स्मरण अपुरे पडू लागते. त्याच साच्यातली, त्याच रंगाची गाडी मी दुसऱ्यांदा विकत घेतली, त्या वर्षापासून मी दरवर्षी मोजदाद करतो. मोजदादीतून आकडा हाती लागतोच, पण त्याहून मोठा लाभ असा की वर्षातून एकदा प्रत्येक गाडी हातात घेऊन, उलटी करून, चांगल्या उजेडात पाहिली जाते. धातूला गेलेला बारीक तडा किंवा टायरला आलेला चिकटपणा काचेआडून दिसत नाही.

तयारी

मोजदादीसाठी हवा कोरडी असेल असे दिवस निवडावेत, कारण दमट हवेत उघडून पुन्हा बंद केलेल्या खोक्यात तो ओलावा अडकून राहतो. एक तारीख ठरवून घ्यावी. त्या तारखेला जे घरात आहे ते मोजायचे. मागवलेल्या पण न पोहोचलेल्या गाड्या ‘येणे’ या वेगळ्या पानावर लिहायच्या आणि दुरुस्तीला किंवा प्रदर्शनाला दिलेल्या गाड्या ‘बाहेर’ या पानावर. छायाचित्रांसह एका गाडीला साडेचार मिनिटे धरली तर दोनशे गाड्यांना पंधरा तास लागतात, म्हणून एका दिवसात सगळे उरकण्याचा हट्ट धरू नये. एक फळी पूर्ण करावी, तिथे तारखेची चिठ्ठी ठेवावी आणि मगच पुढच्या फळीला हात लावावा.

टेबलावर पांढरा, जाड, सुती कापड अंथरावे. त्यावर गाडी घसरत नाही आणि गळून पडलेला आरसा किंवा वायपर चटकन दिसतो. मऊ ब्रश, भिंग, व्हर्नियर कॅलिपर, पेन्सिल आणि सुटे भाग ठेवण्यासाठी छोट्या पारदर्शक पिशव्या एवढे साहित्य पुरते. हात धुऊन पूर्ण कोरडे करावेत, किंवा नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सुती हातमोज्यांचे धागे आरशांत आणि अँटेनांत अडकतात. गाडी नेहमी तळाच्या दोन्ही बाजूंनी धरावी, छताला धरून उचलू नये.

आधी कपाट, मग यादी

मागील वर्षाची यादी समोर ठेवून गाड्यांवर खुणा करत जाणे ही सर्वांत सोयीची आणि सर्वांत फसवी पद्धत आहे. यादीत ‘लाल’ असे लिहिले असले की डोळा किरमिजी रंगालाही लाल मानून पुढे जातो, आणि यादीत नसलेली गाडी तर नजरेतून निसटतेच. म्हणून यादी बंद ठेवावी, फळीच्या डाव्या टोकापासून सुरुवात करावी आणि प्रत्येक गाडी जणू आजच घरी आली आहे अशा रीतीने नव्याने लिहून काढावी. जुन्या यादीशी ताळा अगदी शेवटी घ्यायचा आहे.

प्रत्येक गाडीला एक कायमचा क्रमांक द्यावा. संग्रहालयांत वस्तू दाखल झाल्याचे वर्ष आणि त्या वर्षातला अनुक्रम अशी पद्धत रूढ आहे, आणि घरगुती संग्रहालाही ती उत्तम लागू पडते: २०२४-०१७ म्हणजे २०२४ मध्ये आलेली सतरावी गाडी. गाडी विकली, दिली किंवा मोडली तरी तिचा क्रमांक दुसऱ्या गाडीला कधीही देऊ नये. क्रमांक गाडीवर लिहू नये, तळावर स्टिकरही लावू नये, कारण त्याचा गोंद रंगात आणि छापील अक्षरांत उतरतो. आम्लविरहित कागदाची छोटी चिठ्ठी आसाला सुती धाग्याने सैल बांधावी, किंवा गाडीच्या तळाखाली ठेवावी. मूळ खोक्यावर पेन्सिलनेही लिहू नये. चिठ्ठी आत टाकावी.

नोंदीत काय असावे

निर्माता, त्याचा सूचिक्रमांक, मूळ गाडीचे नाव, प्रमाण (मूळ गाडीच्या किती पट लहान), धातू की रेझिन (साच्यात ओतून कडक होणारे प्लास्टिक), रंग, चाकांचा प्रकार, तळावरील मजकूर, गाडी केव्हा व कोठून आली, दिलेली किंमत आणि सध्याची जागा, हे रकाने बहुतेकांना सुचतात. मात्र त्यांतले प्रमाण आणि साल हे दोन रकाने नीट विचार न करता भरले जातात, आणि चुका तिथेच साचतात.

१:१८, १:४३ आणि १:६४ ही प्रचलित प्रमाणे. साडेचार मीटर लांबीची गाडी १:१८ मध्ये २५ सेंटिमीटर, १:४३ मध्ये सुमारे साडेदहा आणि १:६४ मध्ये सुमारे सात सेंटिमीटर भरते. १:४३ हे विचित्र वाटणारे प्रमाण खेळण्यातल्या रेल्वेकडून आले: ओ गेज या रुळांच्या मापाच्या ब्रिटिश खेळण्यातल्या रेल्वेत एका फुटाला सात मिलिमीटर असा हिशेब होता आणि तिच्या शेजारी शोभतील अशा गाड्या त्याच मापाने घडवल्या गेल्या. परंतु छोट्या गाड्यांच्या बाबतीत खोक्यावरील प्रमाणावर विसंबू नये. १९५३ मध्ये सुरू झालेल्या मॅचबॉक्स मालिकेच्या नावातच काडेपेटी आहे. गाडी त्या आकाराच्या खोक्यात मावावी म्हणून ट्रक अधिक आक्रसला जाई आणि छोटी मोटार कमी. असा ठराविक आकारात बसवण्याचा प्रकार आजही चालतो.

खरे प्रमाण काढण्यासाठी पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंतील अंतर कॅलिपरने मोजावे. फोक्सवॅगन बीटलचा व्हीलबेस २४०० मिलिमीटर आहे. म्हणजे १:१८ मध्ये तो सुमारे १३३, १:४३ मध्ये ५५.८ आणि १:६४ मध्ये ३७.५ मिलिमीटर यायला हवा. मोजल्यावर ४० आला, तर ती गाडी १:६० आहे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. नोंदीत छापील प्रमाण आणि मोजलेले प्रमाण हे दोन रकाने वेगळे ठेवावेत.

सालाचेही तसेच. छोट्या गाड्यांच्या ब्रँडांपैकी डिंकी टॉइज हे नाव १९३४ चे, कॉर्गी टॉइज १९५६ चे, हॉट व्हील्स १९६८ चे आणि टोमिका १९७० चे, एवढ्यावरून गाडी कोणत्या सालाआधीची असू शकत नाही हे कळते; ती नेमकी केव्हाची, हे त्यावरून ठरत नाही. हॉट व्हील्सच्या तळावरील साल हे त्या साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते. तोच साचा दहा-वीस वर्षे वापरात राहतो आणि तळावरील साल मात्र तेच राहते, त्यामुळे ‘तळावर १९९८ म्हणून गाडी १९९८ ची’ हा निष्कर्ष पुष्कळदा चुकतो. २००८ पासून त्यांच्या तळावर एक अक्षर आणि दोन अंक असा छोटा संकेत उमटवलेला असतो. अक्षर वर्ष सांगते आणि अंक आठवडा. तो भिंगातून वाचून जसाच्या तसा उतरवावा. तळावरील देशाचे नावही वगळू नये. टोमिकाच्या गाड्या आधी जपानमध्ये, नंतर चीनमध्ये आणि व्हिएतनाममध्ये बनत गेल्या, आणि एकाच साच्याच्या दोन गाड्यांत कधी कधी एवढाच फरक असतो. साल ठरत नसेल तर रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने भरलेले साल पुढल्या वर्षी आपणच खरे मानून चालतो.

रंग बदललेल्या गाड्यांसाठी संग्राहकांची ‘कोड’ पद्धत उपयोगी आहे. निर्मात्याने स्वतः पूर्ण केलेली गाडी कोड १, त्याच्या संमतीने दुसऱ्याने सजवलेली कोड २ आणि संमतीशिवाय रंगवलेली किंवा बदललेली कोड ३. स्वतः रंगवलेल्या गाडीपुढे कोड ३ लिहायला विसरू नये, कारण पुढे ती दुसऱ्या कोणाच्या हाती गेली तर यादीच तिची खरी ओळख सांगणार आहे.

तपासणी

हा मोजदादीचा गाभा आहे आणि इथे वेळ वाचवू नये. डायकास्ट, म्हणजे वितळलेला धातू दाबाने साच्यात ओतून घडवलेल्या, गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या असतात. त्यात ॲल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे थोड्या प्रमाणात असते. ओतकामात शिसे अल्प प्रमाणात जरी मिसळले, तरी धातूच्या कणांच्या सीमांवरून आतल्या आत क्षरण सुरू होते, धातू फुगतो, जाळ्यासारखे तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. यालाच जस्ताची कीड म्हणतात. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या डिंकी गाड्यांत ती विशेष आढळते, परंतु अलीकडच्या गाड्याही तिच्यापासून पूर्ण मुक्त नाहीत. नाव कीड असले तरी ती शेजारच्या गाडीला लागत नाही, आणि एकदा सुरू झाली की तिच्यावर उपायही नाही. कोरडी, स्थिर तापमानाची जागा तिचा वेग तेवढा कमी करते. दरवाजा अडकू लागणे, तळ वाकणे, रंगाखाली रेघ उमटणे ही पहिली लक्षणे. ज्या गाडीची शंका येते तिची लांबी ठरलेल्या दोन बिंदूंमध्ये कॅलिपरने मोजून दशांश मिलिमीटरपर्यंत लिहून ठेवावी. पुढील वर्षी तेच माप वाढले, तर शंकेला जागा उरत नाही. वर्षागणिक ठेवलेल्या यादीचा याहून स्पष्ट उपयोग मला माहीत नाही.

टायरकडे दुसरे लक्ष. मऊ प्लास्टिकमध्ये मिसळलेले लवचीकपणा देणारे द्रव्य हळूहळू बाहेर झिरपते आणि पॉलिस्टायरिनच्या पारदर्शक तळफळीला विरघळवते. गाडी उचलली की टायरचे ठसे त्यात रुतलेले दिसतात. टायरखाली पॉलिएस्टर फिल्मचा तुकडा ठेवावा, किंवा गाडीच्या तळाखाली ठोकळा देऊन चाके अधांतरी राहतील असे करावे. त्यामुळे वजनदार १:१८ गाड्यांचे टायर चपटेही होत नाहीत. रेझिनच्या गाड्या उष्णतेने वाकतात, म्हणून त्यांची फळी दिव्यापासून आणि खिडकीपासून दूर आहे ना, ते पाहावे. दिवे लागणाऱ्या गाड्यांतील बॅटऱ्या काढून ठेवाव्यात. जुन्या खोक्यातला फोम बोटाला चिकटू लागला असेल तर तो त्याच दिवशी काढावा, कारण तो रंगावर कायमचा डाग पाडतो. सीलबंद ब्लिस्टर पॅक उघडू नये. प्लास्टिक पिवळे पडले आहे का आणि कार्डाचे कोपरे दुमडले आहेत का, एवढेच टिपावे.

अवस्था लिहिताना विक्रेत्यांची गुळगुळीत विशेषणे टाळून स्वतःच्या पाच पायऱ्या ठरवाव्यात आणि प्रत्येकीची व्याख्या यादीच्या पहिल्या पानावर लिहावी. गाडीची पायरी आणि खोक्याची पायरी वेगळी असावी. ‘उजवा आरसा नाही, बॉनेटवर दोन मिलिमीटरचा टवका’ हे वाक्य कोणत्याही आकड्यापेक्षा अधिक सांगते.

छायाचित्रे एकाच पार्श्वभूमीवर, एकाच दिव्यात घ्यावीत: पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि तळाचे. तळाच्या छायाचित्रासाठी दिवा तिरका ठेवला की उठावाची अक्षरे वाचता येतात. फाइलचे नाव म्हणजे गाडीचा क्रमांक.

ताळा

आता जुनी यादी उघडावी. गेल्या वर्षअखेर २१२ गाड्या होत्या, वर्षात ३१ आल्या आणि ९ गेल्या, तर २३४ असायला हव्यात. मोजणीत २३२ निघाल्या, तर त्या दोन कोणत्या हे क्रमांकांवरून लगेच कळते. न सापडलेली गाडी यादीतून पुसू नये. तिच्यापुढे तारखेसह ‘सापडत नाही’ लिहावे. माझ्या अनुभवात अशा गाड्या बहुधा दुसऱ्याच गाडीच्या खोक्यात निघतात.

आकडे जुळले तरी दोन्ही बाजूंनी चाचणी घ्यावी. यादीतून कोणतेही वीस क्रमांक निवडून त्या गाड्या कपाटात शोधाव्यात, आणि कपाटातून कोणत्याही वीस गाड्या उचलून त्यांची नोंद यादीत शोधावी. पहिल्या चाचणीत हरवलेल्या गाड्या कळतात, दुसरीत न नोंदलेल्या. एकीत झालेली चूक दुसरीत झाकली जाऊन बेरीज योगायोगाने बरोबर येऊ शकते, म्हणून दोन्ही हव्यात.

यादी सूचिक्रमांकानुसार लावली की दुबार गाड्या एकाखाली एक येतात. चाके, छपाई आणि तळ तपासल्याशिवाय त्यांना दुबार ठरवू नये. खरोखर दुबार असेल तर चांगली ठेवावी, मात्र एकीचा खोका दुसरीला देताना तशी नोंद अवश्य करावी.

विम्यासाठी मूल्य लिहायचे असेल तर प्रत्यक्ष झालेल्या विक्रीच्या किमती पाहाव्यात. मागितलेली किंमत म्हणजे मूल्य नव्हे. दुर्मीळ गाड्यांपुरते एवढे श्रम पुरेसे आहेत.

त्यानंतर वर्षात आलेल्या गाड्या प्रमाणानुसार वेगळ्या मोजाव्यात आणि कपाटात राहिलेली मोकळी लांबी फूटपट्टीने मोजावी. बारा १:१८ गाड्या टोकाला टोक लावून ठेवल्या तर तीन मीटर फळी लागते; तेवढ्याच १:६४ गाड्यांना एक मीटरही लागत नाही. माझ्या मते पुढील वर्षी काय घ्यायचे हा निर्णय या दोन आकड्यांवरूनच व्हावा. जी गाडी खोक्यातून बाहेर येणारच नाही ती घेण्याआधी थांबून विचार करणे संग्रहाच्या हिताचे आहे.

शेवटी यादी आणि छायाचित्रे यांच्या तीन प्रती कराव्यात: एक संगणकावर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर. मागील वर्षाची यादी खोडून नवी करू नये, तिच्या शेजारी ठेवावी. छापील प्रतीवर तारीख घालून ती कपाटाच्या सर्वांत खालच्या खणात ठेवावी आणि ती तिथे आहे हे घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.