छायाचित्राखाली काय लिहावे आणि काय लिहू नये

डिसेंबरातल्या रविवारी नांदूरमध्यमेश्वरच्या पक्षी अभयारण्यातून परतलेल्या मंडळींची छायाचित्रे दुपारपासून नाशिकच्या व्हॉट्सॲप समूहांत येऊ लागतात आणि त्यांपैकी निम्म्यांखाली ‘आजची भेट’ एवढेच लिहिलेले असते. छायाचित्र सुरेख असते, पण पक्षी कोणता, कुठल्या बाजूला दिसला, एकटा होता की थव्यात, यांपैकी काहीही त्यावरून कळत नाही. दोन वर्षांनी ते पुन्हा उघडले, तर काढणाऱ्यालाही ते आठवत नाही.

म्हणून पहिली सवय ओळ लिहिण्याची लावून घ्यावी. उदाहरणार्थ: ‘१४ डिसेंबर, सकाळी ७.४०, चापडगाव मनोऱ्याची बाजू, पट्टकादंब (Bar-headed Goose), अंदाजे ६०, उथळ पाण्याच्या काठी चरत होते.’ तारीख, वेळ, ठिकाण, जात, संख्या आणि वर्तन या सहा गोष्टी आल्या की छायाचित्राची नोंद होते. नावाच्या बाबतीत थोडी काळजी घ्यावी, कारण एकाच पक्ष्याला कोणी वंचक म्हणतो तर कोणी ढोकरी, आणि समूहात विदर्भापासून कोकणापर्यंतचे लोक असतात. मराठी नावापुढे इंग्रजी किंवा शास्त्रीय नाव जोडले की निष्कारण वाद होत नाहीत.

संख्येचा कंटाळा बहुतेकांना येतो, पण ती टाळू नये. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमावरचे नांदूरमध्यमेश्वरचे पाणथळ क्षेत्र महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे रामसर करारानुसार आंतरराष्ट्रीय महत्त्वाची ठरलेली पाणथळ जागा आहे, आणि रामसर कराराच्या निकषांपैकी दोन निकष थेट मोजणीवर उभे आहेत: त्या ठिकाणी नियमितपणे २०,००० किंवा अधिक पाणपक्षी असणे, अथवा एखाद्या पाणपक्ष्याच्या एकूण संख्येपैकी किमान १ टक्का पक्षी तिथे असणे. ‘हजारो बदके’ असे लिहिल्याने यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. मोठा थवा मोजताना दुर्बिणीतून आधी ५० पक्षी प्रत्यक्ष मोजावेत, तेवढ्या पक्ष्यांनी व्यापलेली जागा डोळ्यांत ठेवावी आणि तशा किती जागा थव्यात बसतात ते पाहावे. हा आकडा अंदाजी असतो, पण प्रामाणिक असतो. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर यादी भरताना दिवसभराची एकच यादी करू नये. गंगापूर धरणाच्या फुगवट्याची वेगळी आणि नांदूरची वेगळी, आणि शक्यतो तासाभराच्या, दोन-तीन किलोमीटरच्या आतल्या फेरीची करावी. दिसलेले व ऐकू आलेले, ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले असतील तरच ती ‘पूर्ण यादी’ म्हणून नोंदवावी. साळुंक्या आणि कावळे गाळून फक्त रोहित व करकोचे लिहिणे म्हणजे पूर्ण यादी नव्हे.

ओळख विचारण्याचीही एक रीत आहे. ‘हा कोणता पक्षी?’ एवढे विचारून मोकळे होण्याऐवजी आपला अंदाज आणि त्यामागचे कारण लिहावे. पांढऱ्या बगळ्यांचेच पाहा. काळी चोच, काळे पाय आणि पिवळी पावले दिसली तर तो छोटा बगळा. पण मध्यम आणि मोठ्या बगळ्यांत फरक करायचा असेल तर चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी जबड्याची रेघ डोळ्याच्या खालीच संपते की डोळ्याच्या मागे जाते, हे पाहावे लागते. ती मागे गेली तर तो मोठा बगळा. ही रेघ दाखवणारे छायाचित्र बहुधा आपण सुंदर नाही म्हणून बाजूला टाकलेले असते. त्यामुळे ओळख हवी असेल तेव्हा एका देखण्या छायाचित्राऐवजी तीन-चार साधी छायाचित्रे द्यावीत: बाजूने, उडताना आणि पाय दिसतील असे. रंगांशी फार खेळ करू नये. मावळतीच्या उन्हात पांढरा बगळा केशरी दिसतो, आणि वरून रंगाची तीव्रता वाढवली तर पायांचा खरा रंग कोणालाच सांगता येत नाही. मर्लिनसारख्या पक्षी ओळखणाऱ्या ॲपने सुचवलेले नाव आरंभ म्हणून ठीक आहे, मात्र ‘ॲपने सांगितले’ हे ओळखीचे कारण होऊ शकत नाही.

आता न लिहिण्याविषयी. काही वर्षांपूर्वी मी शृंगी घुबडाच्या पिल्लांचे छायाचित्र मोठ्या उत्साहाने एका समूहात टाकले आणि कोणी विचारले म्हणून नाल्याचे नावही सांगितले. पुढच्या आठवड्यात त्या कपारीसमोर तिवया लावून माणसे उभी होती, मादी दूरच्या बाभळीवर बसून होती आणि पिल्ले उन्हात उघडी पडली होती. चूक सर्वस्वी माझी होती. त्या नाल्याचे नाव मी आजही लिहीत नाही.

घरट्याचे, अंड्यांचे किंवा पिल्लांचे छायाचित्र प्रसिद्ध न करणे हाच सरळ नियम पाळावा. अनेक समूहांनी तशी बंदीच घातली आहे. अंजनेरीच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे आहेत हे सर्वांना ठाऊक आहे, पण घरटे नेमक्या कोणत्या कपारीत आहे हे जाहीर करण्याचे कारण नाही, कारण या गिधाडाची मादी एका विणीत एकच अंडे घालते आणि ते गेले की वर्ष वाया जाते. घुबडे, दुर्मीळ शिकारी पक्षी आणि पिंजऱ्यासाठी पकडले जाणारे पोपट यांच्या बाबतीत गावाऐवजी तालुका लिहावा, किंवा नुसता ‘नाशिक जिल्हा’ लिहावा.

एवढे करूनही जागा फुटू शकते. मोबाइलमध्ये स्थाननोंद चालू असेल तर छायाचित्राच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश जातात. व्हॉट्सॲपवर साध्या छायाचित्रासारखे पाठवले तर ही माहिती आपोआप निघून जाते, पण दर्जा टिकावा म्हणून तेच ‘डॉक्युमेंट’ करून पाठवले की ती जशीच्या तशी पोहोचते. म्हणून पाठवण्याआधी ती काढून टाकावी. आयनॅचरॅलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा झाकण्याची सोय आहे आणि तिथे नेमक्या बिंदूऐवजी साधारण वीस-बावीस किलोमीटरची चौकट दिसते. ईबर्ड संवेदनशील जातींची ठिकाणे स्वतःहून झाकते, परंतु बाकी जातींच्या घरट्यांना हे संरक्षण नसते. अशी यादी विणीचा हंगाम संपल्यावर मूळ तारखेने भरता येते आणि नोंदही वाया जात नाही.

छायाचित्र कसे मिळाले हेही सांगावे. दाणे टाकून किंवा पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्याला फांदीवर आणले असेल, तर ते लपवू नये. आवाज वाजवणे तर विणीच्या काळात करूच नये, कारण नर प्रतिस्पर्धी आला असे समजून हद्द राखण्यात शक्ती घालवतो. दुसऱ्याचे छायाचित्र पुढे पाठवताना त्याची परवानगी घ्यावी. स्वतःचे नाव टाकायचे असल्यास कोपऱ्यात लहान टाकावे, पक्ष्याच्या पोटावर नव्हे.

आपली ओळख चुकली आणि कोणी दाखवून दिली, तर मूळ छायाचित्र घाईने पुसू नये. त्याच मजकुरात ‘आधी मध्यम बगळा लिहिले होते, जबड्याच्या रेघेवरून मोठा बगळा’ अशी दुरुस्ती करावी, म्हणजे पुढे हाच गोंधळ होणाऱ्याला कारणासह उत्तर सापडते. व्हॉट्सॲपवर जुना मजकूर बदलता येत नसेल तर त्याच छायाचित्राला उत्तर म्हणून ही ओळ जोडावी, आणि तोच पक्षी ईबर्डच्या यादीत गेला असेल तर तिथेही नाव बदलावे. तिथले परीक्षक प्रश्न विचारतात तेव्हा त्यांना हीच तीन-चार साधी छायाचित्रे लागतात.