वाफेच्या इंजिनाच्या गाडीत बसायला जाताय? सुती दुपट्टा घ्याच

मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला पूर्वी जाणाऱ्या आमच्या शकुंतला रेल्वेगाडीचं वाफेचं इंजिन १९९४ मध्ये थांबलं. ती धग पुन्हा अनुभवायची तर आता बाहेर जावं लागतं. दार्जिलिंग ते घूम ही वाफेच्या इंजिनाची पर्यटक गाडी त्यासाठी उत्तम. १८५५ चं ‘फेअरी क्वीन’ हे वाफेचं इंजिन दुरुस्त होऊन १९९७ मध्ये पुन्हा प्रवासी घेऊन धावलं, तेव्हा मला झालेला आनंद अजून आठवतो.

अशा गाडीत बसताना नायलॉन, पॉलिस्टरचे कपडे नको. धुराड्यातून उडणारी ठिणगी कापडावर पडली की भोक पाडते. जाड सुती कपडे घाला आणि आपण उन्हात बांधतो तो दुपट्टा डोक्याला गुंडाळा. साधा चष्मा किंवा गॉगल असू द्या, कारण खिडकीतून डोकावलं की कोळशाचा बारीक कण डोळ्यात जातोच. (तसंही फार बाहेर वाकू नका.) कण गेलाच तर डोळा अजिबात चोळू नका, बुबुळाला ओरखडा पडतो. स्वच्छ पाण्याने धुवा. तरीही खुपत राहिलं तर डॉक्टरांकडे जा.

आणखी एक. फोटोसाठी इंजिनाच्या बाजूला चिकटून उभे राहू नका. निघताना चालक सिलिंडरमध्ये साचलेलं पाणी बाहेर सोडतो, तेव्हा गरम वाफेचा झोत चाकांजवळून आडवा येतो. लेकरांचा हात धरून चांगलं दूर थांबा. फोटोही तिथूनच छान येतो, वाफेसकट.