डॅक्स चालू केलंय, पण खरंच चालू आहे का? या चुका टाळा

लिनक्सवर पर्सिस्टंट मेमरीसाठी (वीज गेली तरी डेटा टिकवणारी मेमरी) डॅक्स, म्हणजे रॅममधली तात्पुरती प्रत (पेज कॅश) टाळून फाइल थेट त्या मेमरीत वाचण्या-लिहिण्याची सोय, लावताना मुख्य पंचाईत ही, की ते चुकलं तरी काही अडत नाही. फाइलसिस्टम माउंट होते, डेटाबेस सुरू होतो. फक्त सगळा डेटा पूर्वीसारखाच पेज कॅशमधून फिरतो आणि ही महागडी मेमरी साध्या डिस्कसारखी वापरली जाते.

स्वतः कर्नल कंपाइल करणाऱ्यांची पहिली तक्रार: मेन्यूकॉन्फिगमध्ये (कर्नलचे पर्याय निवडण्याच्या मेन्यूत) डॅक्सचा पर्याय दिसतच नाही. तो 'झोन डिव्हाइस' या दुसऱ्या पर्यायावर अवलंबून आहे, आणि झोन डिव्हाइस मेमरी हॉटप्लग व हॉट-रिमूव्हवर (चालू यंत्रात मेमरी जोडणं-काढणं). आधी हॉटप्लग व हॉट-रिमूव्ह, मग झोन डिव्हाइस चालू करा, डॅक्सचा पर्याय आपोआप दिसू लागेल. खऱ्या मॉड्यूलसाठी एसीपीआय एनफिटचा (फर्मवेअर देतं त्या पर्सिस्टंट मेमरीच्या तक्त्याचा) ड्रायव्हरही हवा.

इंटेलने २०२२ मध्ये आपली पर्सिस्टंट मेमरी ऑप्टेन बंद करत असल्याचं जाहीर केलं, त्यामुळे आता बरेच जण साध्या रॅमचाच तुकडा बाजूला काढून सराव करतात. बूट पॅरामीटर असतो 'मेममॅप=४जी!१२जी', म्हणजे १२ जीबीपासून पुढचे ४ जीबी. मधलं उद्गारचिन्ह महत्त्वाचं. तिथे डॉलर टाकलात तर मेमरी राखीव होते, पण पीमेम (पर्सिस्टंट मेमरीचं) डिव्हाइस काही तयार होत नाही. तो पट्टा डीमेसेजमधल्या (कर्नलच्या संदेशांमधल्या) ई८२० यादीत (बूटवेळच्या मेमरी नकाशात) 'युजेबल' आहे ना, हे आधी बघा. आणि ही शेवटी रॅमच. वीज गेली की डेटा गेला.

नेमस्पेसचा (पर्सिस्टंट मेमरीच्या एका भागाचा) मोड ही नेहमीची ठेच. सेक्टर मोडवर डॅक्स चालत नाही. एनडीसीटीएल या साधनाने एफएसडॅक्स मोड द्या, पण मोड बदलला की जुना डेटा जातो, तेव्हा बॅकअप आधी. इथेच पेजच्या (मेमरीच्या छोट्या तुकड्यांच्या) नोंदी कुठे ठेवायच्या तेही ठरतं. दर ४ केबीला ६४ बाइट, म्हणजे १ टीबीला १६ जीबी. 'मॅप' पर्याय 'मेम' ठेवलात तर तेवढी रॅम खर्ची पडते. क्षमता मोठी असेल तर 'डेव्ह'च (नोंदी त्याच पर्सिस्टंट मेमरीत) बरा.

फाइलसिस्टमचा ब्लॉक आकार पेजएवढा हवा, एक्स८६ वर ४०९६ बाइट. नाहीतर डॅक्स मागितल्यावर ईएक्सटी४ सरळ माउंट नाकारते, आणि मला तिचा हा फटकळपणा आवडतो. डिव्हाइसला डॅक्स जमत नसेल तर एक्सएफएस मात्र डीमेसेजमध्ये 'टर्निंग ऑफ डॅक्स' एवढं पुटपुटून कामाला लागते. एक्सएफएसचं आणखी एक दुखणं: फॉरमॅट करताना रिफलिंक (दोन फाइलींनी एकच डेटा वाटून घेणं) आपोआप चालू होतं आणि जुन्या कर्नलमध्ये डॅक्सशी त्याचं जमत नाही. तिथे फॉरमॅटच्या वेळीच 'रिफलिंक=०' द्या.

कर्नल ५.८ पासून माउंटला 'ऑलवेज', 'नेव्हर' आणि 'आयनोड' असे तीन पर्याय आहेत. काहीच दिलं नाही तर 'आयनोड' लागू होतो, म्हणजे ज्या फाइलवर डॅक्सचा फ्लॅग आहे तिच्यापुरतंच. फ्लॅग डिरेक्टरीवर लावलात तर तिच्यात नंतर बनणाऱ्या फाइलींना तो मिळतो, आधीच्यांना नाही.

वेग मोजून अंदाज बांधत बसू नका. फाइल एममॅप करताना (प्रोग्रामच्या मेमरीत थेट जोडताना) 'मॅप शेअर्ड व्हॅलिडेट'सोबत 'मॅप सिंक' द्या (कर्नल ४.१५ पासून उपलब्ध). डॅक्स नसेल तर कर्नल 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणून परत पाठवतो. अपवाद व्हर्टआयओ-पीमेमचा, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला दिलेल्या आभासी पर्सिस्टंट मेमरीचा. त्या व्हर्च्युअल मशीनमध्ये डॅक्स चालू असलं तरी 'मॅप सिंक' मिळत नाही, तिथे स्टॅटएक्समधला (फाइलची माहिती देणाऱ्या सिस्टम कॉलमधला) डॅक्सचा गुणधर्म बघा.