सेल्फ उतरवण्याआधी

"सेल्फ गेलाय, नवा टाका" असं म्हणत लोक जुनी मारुती ८०० घेऊन येतात, पण त्यातले बरेच सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरी, धडधाकट निघतात. खराब असते बॅटरी, नाहीतर वायर. तेव्हा पान्याआधी कान वापरा.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट चालू. आता चावी मारा.

लाइट एकदम मंद होऊन भराभर कट-कट वाजलं तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनलवर पांढरा-हिरवा थर साचलाय. टर्मिनल काढताना निगेटिव्ह आधी. गरम पाणी ओता, खरवडा, घट्ट बसवा. मल्टिमीटरवर बंद गाडीत बॅटरीचे १२.६ व्होल्टच्या आसपास हवेत. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली गेले तर बॅटरी बघा.

मग अर्थिंग, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हची इंजिनशी जोडणी, कारण लोक फसतात ते इथेच. निगेटिव्हची केबल वरून धड दिसते, पण बोल्टखाली गंज असतो. मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर दोष अर्थिंगचा. मीटर नसेल तर निगेटिव्हपासून इंजिनला जंपर केबल जोडा. गाडी झटक्यात उठली ना? मग सेल्फ उतरवून देणाऱ्याला पैसे देऊ नका.

लाइट चांगले, पण एकच जड 'टक' आणि पुढे काही नाही? सोलेनॉइडचे (सेल्फवरचा विजेवर चालणारा स्विच) पॉइंट जळालेत किंवा कार्बन (सेल्फच्या आत करंट पोचवणारे ब्रश) संपलेत. चावी धरून ठेवायला सांगून सेल्फवर लाकडाने हलकेच टकटक करा. फिरला तर बहुतेक कार्बनच. ही युक्ती घरी पोचण्यापुरती.

काहीच आवाज नसेल तर सोलेनॉइडच्या बारीक वायरला टेस्ट लॅम्प लावा. चावी फिरवल्यावर दिवा लागत नसेल तर चावीचा स्विच किंवा मधली वायर तपासा. सेल्फ नुसताच घर्रर्र फिरतोय आणि इंजिन हलत नाही, तर बेंडिक्स, म्हणजे सेल्फला इंजिनच्या दात्यांत अडकवणारा गिअर, खराब.

स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून सेल्फ फिरवण्याची हौस असेल, तर आधी गिअर परत बघा. गिअरमधली गाडी अंगावर येते.

सेल्फ खोलावाच लागला तर कार्बनसोबत बुशही (ज्यात सेल्फचा दांडा फिरतो त्या कड्या) बदलायला सांगा. गरम गाडीत सेल्फ जड फिरत असेल तर बुश झिजलेले असू शकतात. ते तसेच ठेवले तर आर्मेचर (सेल्फचा फिरणारा भाग) आत घासत राहतं, नवे कार्बन टाकूनही.