थंडीत घोडा लगाम घेत नसेल तर

डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या रायडिंग कॅम्पला हमखास दिसतं: लगाम जवळ नेला की घोडा मान वर करतो, दात आवळून धरतो. पोरं म्हणतात, हट्टी आहे. तसं नसतं. रात्रभर खुंटीला लटकलेली लगामाची लोखंडी कडी गारठलेली असते आणि आपण ती थेट त्याच्या जिभेवर ठेवतो.

१. तबेल्यात शिरल्याबरोबर आधी लगाम खुंटीवरून काढा.
२. मोतद्दार (घोड्याची निगा राखणारा) खरारा करतोय, म्हणजे घोड्याचं अंग ब्रशने घासतोय, तोवर कडी जॅकेटच्या आत, काखेत दाबून ठेवा. १० मिनिटं पुरतात.
३. घोडे जास्त असतील तर बादलीभर कोमट पाण्यात फक्त कडी बुडवा. चामडं वर राहू द्या. सारखं भिजून वाळलं की ते कडक होऊन तडकतं.
४. कडी मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून पाहा. गार लागली नाही की घाला.

आमची म्हातारी घोडी आता कडी घेते आणि लगेच ओठ हलवत चघळायला लागते. बघून फार बरं वाटतं.

व्हॉल्टिंगच्या (चालत्या घोड्यावर कसरती करण्याच्या) बॅचला आणखी एक करा. घोड्याला लांब दोरीवर गोल, दोन्ही दिशांनी १५ मिनिटं नुसता चालवा, पाठीवर कुणी नको. मुलांनी तेवढ्यात लाकडी घोड्यावर अंग मोकळं करावं.

कडी शेकोटीवर किंवा गॅसवर मात्र कधीच धरू नका. लोखंड किती तापलंय हे नुसतं बघून कळत नाही, घोड्याचं तोंड भाजतं.