भोपळ्याचं बी धरायचं तर फुलापासून सुरुवात करा

‘सगळ्यात मोठं फळ ठेवा, त्यातलं बी वाळवा’ हा सल्ला टोमॅटो, वाटाण्याला चालून जातो. त्यांची फुलं बहुतेक आपल्याच परागांवर फळतात. भोपळ्याला हा सल्ला कुचकामी आहे. नर आणि मादी फुलं वेगवेगळी असतात, आणि मधमाशी दूरच्या वेलावरचे परागही घेऊन येते. फळ दिसतं अगदी जुन्या वाणाचं, आतलं बी मात्र मिश्र. ते कळतं पुढच्या हंगामात. म्हणून फळ नंतर निवडा, आधी फूल बांधा.

बियाणं संकरित नको, एवढं पाहून वेल वाढवा. जमल्यास एकाच वाणाचे पाच-सहा तरी असू द्या.

आता खरं काम. मला हेच जमायला सगळ्यात जास्त वेळ लागला. संध्याकाळी वेलावर दुसऱ्या दिवशी उमलणाऱ्या कळ्या शोधा. त्यांची टोकं पिवळी पडलेली असतात. मादी कळीच्या बुडाशी इवलासा भोपळा असतो, नर कळीला नुसता लांब देठ. दोन्ही कळ्यांची टोकं मऊ दोऱ्याने बांधा. एका मादीमागे दोन-तीन नर कळ्या घ्या, शक्यतो त्याच वाणाच्या दुसऱ्या वेलावरच्या. हे काम मुलांवर सोपवाच. कळ्या हुडकण्यात ती मोठ्यांना हरवतात, आणि स्वतः बांधलेलं फूल रोज पाहायला न सांगता जातात.

सकाळी लवकर जा. ऊन चढल्यावर पराग निकामी होतात, मग कितीही घासा. नर फूल तोडून पाकळ्या सोला. मादी फूल हलकेच उघडा, नराचा मधला पराग लागलेला दांडा मादीच्या मधल्या गोंड्याच्या प्रत्येक भागावर नीट फिरवा आणि फूल लगेच पुन्हा बांधा. उघडं असताना मधमाशी आत शिरली, तर ते फूल बियाण्यासाठी बाद. ‘एकदाच बसली, चालतंय’ म्हणू नका. फळाच्या देठाला खुणेचा रंगीत दोरा सैल बांधा, देठ पुढे जाड होतो. वेलावर आधीच फळं लागली असतील तर नवं फळ बरेचदा गळतं. म्हणून सुरुवातीचीच फुलं धरा. (दुधीची पांढरी फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे कळ्या दिवसा बांधा आणि पराग संध्याकाळी लावा.)

देठ वाळला, सालीत नख रुतेना, की भोपळा काढा आणि न कापता तीन-चार आठवडे ठेवा. बी त्या काळातही भरत राहतं.

कापल्यावर गराचा कण जिभेला लावून पाहा. कडू लागला तर थुंका, फळ आणि बी दोन्ही फेकून द्या. मिश्र बियाण्यातून असा कडूपणा येऊ शकतो. तो विषारी असतो आणि शिजवून जात नाही.

बी धुवा, सावलीत पातळ पसरा. वाकवल्यावर कटकन मोडलं की वाळलं. घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, वर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. कोरड्या, थंड जागी चार-पाच वर्षं सहज टिकतं.

पेरणीआधी दहा बिया ओल्या फडक्यात गुंडाळून पाहा. सहापेक्षा कमी उगवल्या तर दाट पेरा आणि त्याच हंगामात नवं बी धरा.